चाकूच्या आधी

१५ मार्च २००० च्या सकाळी बहामा द्वीपसमूहातल्या अबाको बेटावर एक चोचीचा देवमासा उथळ पाण्यात येऊन अडकला. हा प्राणी माणसाच्या नजरेला क्वचित पडतो. तो खोल समुद्रात राहतो, तास तासभर श्वास रोखून हजार मीटरच्याही खाली बुडी मारतो आणि वर आला तरी फार वेळ थांबत नाही. देवमाशांचे अभ्यासक केन बाल्कम यांचा मुक्काम त्याच किनाऱ्यावर होता. त्यांनी आणि सहकाऱ्यांनी मिळून त्याला खोल पाण्याकडे लोटलं, तोवर दुसऱ्याची बातमी आली, मग तिसऱ्याची. दीड दिवसात आसपासच्या बेटांवर सतरा सागरी सस्तन प्राणी किनाऱ्याला लागले. काही परत समुद्रात गेले, सात मेले.

बाल्कम यांनी तरुणपणी अमेरिकी नौदलात समुद्राखालच्या आवाजांवर पाळत ठेवण्याचं काम केलं होतं. एवढे खोल पाण्यातले प्राणी एकाच वेळी, इतक्या मोठ्या टापूत किनाऱ्याकडे धावतात याचा अर्थ काय असू शकतो, याचा अंदाज त्यांना लगेच आला. पण अंदाजाला कोणी विचारत नाही. बहामाच्या उन्हात देह कुजायला वेळ लागत नाही आणि कान व मेंदू हे सगळ्यात आधी हातचे जातात. म्हणून त्यांनी ताज्या मृतदेहांची मुंडकी कापून घेतली आणि फ्रीझरमध्ये ठेवली. ती पुढे बोस्टनला गेली. सागरी सस्तन प्राण्यांच्या कानांच्या तज्ज्ञ डार्लीन केटन यांनी त्यांचे सीटी स्कॅन केले.

स्कॅनमध्ये आतल्या कानाजवळ आणि मेंदूभोवतीच्या पोकळीत रक्त दिसलं. कानाची हाडं मात्र शाबूत होती, जवळ स्फोट झाला असता तर ती फुटली असती. बाहेरून मार लागल्याची खूण नव्हती. आवाजाच्या तीव्र दाबानं होणाऱ्या इजेशी हे चित्र जुळत होतं. त्याच दिवशी त्या बेटांमधल्या खोल खाडीतून नौदलाची जहाजं पाणबुड्या हुडकणारा सोनार चालू ठेवून गेली होती. डिसेंबर २००१ मध्ये अमेरिकेच्या सागरी खात्यानं आणि खुद्द नौदलानं मिळून काढलेल्या अहवालात, या प्राण्यांना झालेल्या इजेचं सर्वांत संभाव्य कारण जहाजांवरचा सोनार हेच होतं, असं नमूद झालं. मेलेल्या सातांपैकी एक ठिपक्यांचा डॉल्फिन होता. तो आधीपासून आजारी असल्याचं तपासणीत निघालं आणि त्याचं मरण या हिशोबातून वगळलं गेलं. हा बारकावा महत्त्वाचा आहे, कारण एकाच दिवशी, एकाच किनाऱ्यावर झालेले मृत्यूसुद्धा एकाच कारणाचे असतील असं गृहीत धरता येत नाही.

वन्य प्राण्याच्या मरणाला सहसा साक्षीदार नसतो. माणूस मेला तर तो काय खाऊन झोपला, कधीपासून खोकत होता, कोणाशी भांडण होतं, हे सांगणारं घरात कोणीतरी असतं. बिबट्या ओढ्याकाठी मरून पडलेला सापडतो तेव्हा त्याच्या देहाशिवाय दुसरी साक्ष नसते. शवविच्छेदनात हा देह उघडून पाहतात, आणि उघडताना साक्षीचा काही भाग मोडतो. छातीला चीर दिली की आत अडकलेली हवा निघून जाते. रक्तवाहिनीत वायूचे बुडबुडे असतील तर ती कापताक्षणी पुरावा नाहीसा होतो. साचलेलं रक्त जागा बदलतं. मोडलेल्या बरगडीचे तुकडे हाताळताना हलतात. गोळी सापडते, पण ती कुठल्या कोनातून आली हे दाखवणारा मार्ग स्नायू बाजूला सारताना विस्कटतो. अनुभवी पशुवैद्य हे सगळं जाणून असतो आणि जमेल तितकी नोंद ठेवतो. तरीही एकदा फाडलेलं शव पुन्हा शिवून दुसऱ्या तज्ज्ञाला पहिल्यासारखं दाखवता येत नाही.

क्ष-किरण आणि सीटी स्कॅन इथं उपयोगी पडतात. देह बंद असतानाच आतली स्थिती टिपली जाते, आणि ती नोंद दहा वर्षांनी, दुसऱ्या देशातल्या माणसालाही जशीच्या तशी पाहता येते.

साधा एक्स-रे म्हणजे सावली. पुढचं, मागचं, मधलं सगळं एकावर एक पडतं. सीटी स्कॅनमध्ये क्ष-किरणांचा स्रोत देहाभोवती फिरतो आणि संगणक हजारो मोजमापांवरून आडव्या छेदांची चित्रं तयार करतो, काकडी न कापताच तिच्या चकत्या दिसाव्यात तशी. मग त्या चकत्या रचून संगणकाच्या पडद्यावर अख्खा सांगाडा फिरवून बघता येतो. प्रत्येक बिंदूला घनतेचा एक आकडा मिळतो. हे मोजमाप गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या नावानं चालतं. पाणी शून्य, हवा उणे एक हजार, चरबी शून्याच्या थोडी खाली, ताजं साकळलेलं रक्त थोडं वर, हाड शेकड्यांत, आणि शिशाची गोळी एवढी वर की तिच्याभोवती चित्रात चमकदार रेघांचा पिसारा उमटतो. हाउन्सफील्ड यांच्या यंत्रानं १९७१ मध्ये लंडनमध्ये पहिल्या रुग्णाचा मेंदू पाहिला. ते यंत्र मृतांसाठी नियमितपणे वापरायला मात्र आणखी जवळपास तीन दशकं लागली.

त्यात पुढाकार घेतला तो स्वित्झर्लंडमधल्या बर्न शहराच्या न्यायवैद्यक संस्थेनं. रिचर्ड डिर्नहोफर आणि मायकेल थाली यांच्या गटानं नव्वदच्या दशकाच्या अखेरीस ‘व्हर्टॉप्सी’ नावाचा प्रकल्प सुरू केला. खून, अपघात, संशयास्पद मृत्यू अशा प्रकरणांत देह उघडण्याआधी त्याचा स्कॅन करायचा आणि मग दोन्ही निष्कर्ष ताडून पाहायचे. त्याच संस्थेत काही वर्षांनी एका लिंक्सचा मृतदेह तपासला गेला.

लिंक्स हा युरोपातला टोकदार कानांचा, आखूड शेपटीचा रानमांजराच्या कुळातला मोठा प्राणी. स्वित्झर्लंडमधून विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तो नाहीसा झाला होता. १९७१ पासून त्याला तिथं पुन्हा आणून सोडलं. कायद्यानं संरक्षण मिळालं, पण मेंढपाळ आणि शिकारी यांच्यातल्या काहींना तो नको होता आणि चोरून गोळ्या घालण्याचे प्रकार होत राहिले. आपल्याकडे बिबट्याच्या वाट्याला जे येतं त्याहून हे फार वेगळं नाही. बर्नच्या गटानं अशाच गोळी घालून मारलेल्या त्या लिंक्सचे आधी साधे एक्स-रे काढले, मग त्रिमिती सीटी स्कॅन केला, आणि २००७ मध्ये दोन्हींची तुलना न्यायवैद्यकाच्या नियतकालिकात छापली. जखमांची नोंद आणि गोळीच्या मार्गाची फेरमांडणी या दोन्ही बाबतींत सीटी स्कॅन सरस ठरला. साध्या एक्स-रेमध्ये शिशाचे कण नुसते पांढरे ठिपके म्हणून दिसतात. त्रिमिती चित्रात ते ठिपके एका रेषेत येतात, हाड कुठून आत चेपलं आणि कुठून बाहेर फुटलं ते दिसतं, आणि त्यावरून बंदूक कुठल्या बाजूला होती हे सांगता येतं. शिकाऱ्याच्या खटल्यात माणसाच्या खुनाइतकीच काटेकोर चिकित्सा व्हावी, हा त्या शोधनिबंधामागचा आग्रह इथं सगळ्यात मोलाचा.

आकारानं लहान प्राण्यांत तर चित्रांचा उपयोग आणखी ठळक होतो. पवनचक्क्यांखाली वटवाघळं मरून पडतात, हे जगभर दिसून आलं आहे. कॅनडातल्या अल्बर्टा प्रांतातल्या संशोधकांनी २००८ मध्ये एक विलक्षण गोष्ट मांडली. अशा कित्येक वटवाघळांच्या अंगावर जखम नव्हती, पण आत रक्तस्राव होता. फिरत्या पात्यामागे हवेचा दाब एकदम घटतो आणि फुप्फुसं आतून फुटतात, असा निष्कर्ष त्यांनी काढला. कल्पना नवी होती, चित्तवेधक होती, आणि ती झपाट्यानं सर्वत्र पोहोचली.

मग अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमध्ये मेलेल्या वटवाघळांचे एक्स-रे काढले गेले. एक्स-रे काढलेल्या ३९ पैकी २९ वटवाघळांची हाडं मोडलेली निघाली, बहुतेक पंखांची. वटवाघळाचा पंख म्हणजे लांबलेली बोटंच. हाडं जेमतेम मिलिमीटरभर जाडीची, त्यावर काळसर पातळ कातडी. त्यातला सूक्ष्म मोड नुसत्या डोळ्यांना आणि चिमट्याला सहज हुलकावणी देतो. म्हणजे बाहेरून धडधाकट दिसणारी अनेक वटवाघळं प्रत्यक्षात पात्याला थडकली होती. त्याच अभ्यासात कान तपासलेल्या वटवाघळांपैकी निम्म्यांच्या कानांत रक्तही आढळलं, त्यामुळे दाबाचा मुद्दा पुरता निकालात निघाला असं नाही. पण ‘दाबामुळेच मरतात’ हे ठाम विधान त्यानंतर तसं करता येईना. याचा व्यवहारात फरक पडतो. पातं लागून मरण येत असेल तर मंद वाऱ्याच्या रात्री पाती थांबवणं, वटवाघळांना दूर ठेवणारे आवाज सोडणं, अशा उपायांकडे वळता येतं. कारण चुकलं की उपायही चुकतो.

हाँगकाँगमध्ये हे काम एका शहराच्या पातळीवर शिस्तीत चाललं आहे. तिथल्या समुद्रात चिनी पांढरे डॉल्फिन आणि पाठीवर पंख नसलेले छोटे पॉरपॉइज राहतात. १९९७ साली ब्रिटिशांनी हाँगकाँग चीनकडे सोपवलं, त्या सोहळ्याचं बोधचिन्ह म्हणून हाच गुलाबी झाक असलेला डॉल्फिन निवडला होता. आज वेगवान फेरीबोटी, समुद्रात भर टाकून केलेली बांधकामं आणि मासेमारीची जाळी यांच्या कोंडीत त्याची संख्या घटत गेली आहे. मार्च २०१४ पासून तिथं किनाऱ्याला लागलेल्या मृत डॉल्फिन आणि पॉरपॉइजचा शवविच्छेदनाआधी सीटी स्कॅन करण्याची पद्धत सुरू झाली. ब्रायन कॉट यांच्या नेतृत्वाखालचा गट हे काम करतो.

असा देह यंत्राकडे येतो तेव्हा तो बहुधा सुजलेला, कातडी सोललेली, भयंकर वास मारणारा असतो. तो प्लॅस्टिकच्या आवरणात गुंडाळून तसाच टेबलावर ठेवतात, आवरण उघडावंही लागत नाही. काही मिनिटांत पडद्यावर पोटातले न पचलेले मासे, श्वासनलिकेतलं पाणी, फुप्फुसातले जंतांचे पुंजके, घशात अडकलेला गळ असं काय काय उलगडत जातं. बरगड्या आणि मणके एकाच बाजूनं तुटलेले असतील तर बोटीच्या धडकेचा संशय बळावतो. कातडी गळून गेल्यामुळे बाहेरून जे ओळखता येत नाही ते हाडं सांगतात. पण ही धडक जिवंतपणी बसली की तरंगत्या प्रेताला, हे ठरवायला तुटलेल्या जागेभोवती रक्त साकळलं आहे का ते पाहावं लागतं. तिथं स्कॅन बोट दाखवतो आणि मग नेमकं तिथंच चाकू लावून ऊतीचा नमुना घेतात. स्कॅन आणि चाकू असे हातात हात घालूनच काम करतात, आणि जिथं हे जमलं तिथं दोघांचंही काम सुधारलं.

कुजणं हा या शास्त्राचा सगळ्यात मोठा शत्रू. कुजताना आतड्यात, यकृतात, रक्तवाहिन्यांत वायू तयार होतो आणि पडद्यावर तो काळा दिसतो. खोल बुडी मारून घाबऱ्याघाबऱ्या वर आलेल्या देवमाशाच्या रक्तात विरघळलेला नायट्रोजन बुडबुड्यांच्या रूपानं बाहेर पडतो, तोही काळाच दिसतो. सप्टेंबर २००२ मध्ये कॅनरी बेटांजवळ नौदलाच्या सरावानंतर चोचीचे चौदा देवमासे किनाऱ्याला लागले. सोनार सुरू झाल्यावर साधारण चार तासांत ते येऊ लागले होते. त्यांच्या ऊतींत बुडबुड्यांच्या खुणा सापडल्या, खोल बुडी मारणाऱ्या माणसांना होतो तशा आजाराच्या. हे नुसतं कुजणं नाही कशावरून, असा प्रश्न उठलाच. त्यावर तिथल्या विद्यापीठातल्या संशोधकांनी वायूंचंच पृथक्करण करण्याचा मार्ग काढला. दाब घटल्यानं आलेल्या बुडबुड्यात मुख्यतः नायट्रोजन असतो, कुजण्याच्या वायूत हायड्रोजन, मिथेन असे वायू मिसळतात. त्यासाठी नमुना पहिल्या चोवीस तासांत घ्यावा लागतो. स्पेननं २००४ मध्ये कॅनरी बेटांभोवती अशा सोनारवर बंदी घातली, आणि पुढच्या वर्षांत तिथं चोचीच्या देवमाशांचे तसे सामूहिक मृत्यू दिसले नाहीत. मरणाचं कारण शोधण्याचं याहून चांगलं फळ सापडणं अवघड आहे.

मृत्यूचं कारण कधी कधी मेलेल्या प्राण्यात नसून त्यानं खाल्लेल्या दुसऱ्या मृत प्राण्यात असतं. कॅलिफोर्निया कॉन्डोर हे अमेरिकेतलं प्रचंड गिधाड १९८२ साली अवघ्या २२ पक्ष्यांवर आलं होतं. पुढे पिंजऱ्यात वाढवून त्यांना पुन्हा मोकळं सोडलं, तर ते शिशाच्या विषबाधेनं मरू लागले. शिसं येत होतं कुठून? शिकाऱ्यांनी मारलेल्या हरणांचे अवशेष आणि जंगलात टाकून दिलेली आतडी यांचे एक्स-रे संशोधकांनी काढले. शिशाच्या गोळीनं मारलेल्या हरणांच्या आतड्यांचे वीस ढीग तपासले, त्यांतल्या अठरांत शिशाचे कण होते. पाच ढिगांत तर प्रत्येकी दोनशेहून अधिक. डोळ्यांना न दिसणारी ही पांढरी फवारणी २००६ मध्ये छापून आली, तेव्हा गोळी आरपार जाते, मागे काही उरत नाही, हा जुना समज टिकला नाही. कॅलिफोर्नियात १ जुलै २०१९ पासून शिकारीत शिशाच्या गोळ्यांवर पूर्ण बंदी आहे.

या पद्धतीनं उलगडलेलं एक मरण तर बेचाळीस हजार वर्षांपूर्वीचं आहे. २००७ मध्ये सैबेरियाच्या यमाल द्वीपकल्पात रेनडिअर पाळणाऱ्या एका माणसाला मॅमथचं पिल्लू सापडलं. गोठलेल्या जमिनीनं ते जवळपास अख्खं सांभाळलं होतं. ल्यूबा असं तिचं नाव ठेवलं. वय जेमतेम महिनाभर, अंगावर चरबी भरपूर, पोटात आईचं दूध. म्हणजे उपासमार नाही, आजारपणाची चिन्हं नाहीत. तिला चिरणं कोणालाच रुचणारं नव्हतं. जपानमध्ये तिचा सीटी स्कॅन झाला. पुढे संपूर्ण देहाच्या बारकाव्यांसाठी तिला मिशिगनमधल्या फोर्ड कंपनीच्या प्रयोगशाळेत नेलं, मोटारींचे भाग न तोडता तपासायच्या यंत्रात. सोंडेत, तोंडात आणि श्वासनलिकेत बारीक गाळ ठासून भरलेला दिसला. चिखलात रुतून, श्वासाबरोबर गाळ ओढला जाऊन ती गुदमरली होती.

तरीही चित्राला न दिसणाऱ्या गोष्टींची यादी मोठी आहे आणि ती नीट ध्यानात ठेवली पाहिजे. विष दिसत नाही. विषाणू दिसत नाही. भारतातली गिधाडं नव्वदच्या दशकात लाखोंनी नाहीशी झाली. पुढे पाकिस्तानात मेलेल्या गिधाडांच्या शवविच्छेदनात आतल्या अवयवांवर युरिक आम्लाचा पांढरा थर आढळला. मूत्रपिंडं निकामी झाली होती, हे त्यावरून कळलं. पण ती कशानं झाली, याचं उत्तर मूत्रपिंडातल्या औषधाचा अंश मोजल्यावरच मिळालं. गुरांना दिलं जाणारं डायक्लोफेनॅक हे कारण २००४ मध्ये सिद्ध झालं आणि २००६ मध्ये भारतात जनावरांसाठीच्या त्याच्या उत्पादनावर बंदी आली. कितीही चांगला स्कॅनर असता तरी हे नाव त्यानं सांगितलं नसतं. त्यासाठी व्हिसेरा, म्हणजे आतल्या अवयवांचे नमुने, राखून प्रयोगशाळेला धाडणं, हाच मार्ग.

आकाराचीही अडचण आहेच. माणसांच्या सीटी यंत्राचं तोंड सत्तर-ऐंशी सेंटिमीटर रुंद असतं. बिबट्या मावतो, वाघही बेतानं मावेल, हत्ती नाही. केरळातल्या पलक्कड जिल्ह्यात मे २०२० मध्ये गाभण हत्तीण नदीत मेली, तेव्हा देश हळहळला. स्फोटकं भरलेलं फळ चावल्यानं तिचं तोंड फाटलं होतं. शवविच्छेदनात मृत्यूचं तात्कालिक कारण मात्र पाण्यात बुडून फुप्फुसं निकामी होणं हे निघालं. तोंडाच्या जखमेमुळे तिला बरेच दिवस खाता आलं नव्हतं, अशक्त होऊन ती कोसळली होती. अशा प्रकरणात एकाच शब्दात कारण सांगणं अन्यायाचं ठरतं. शेवटचा श्वास पाण्यानं गेला, पण तिला मारलं त्या स्फोटानं.

आपल्याकडे मृत वाघासाठी नियम कडक आहेत. राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरण प्रत्येक वाघाचा मृत्यू आधी शिकार म्हणूनच धरतं, आणि ती नाही हे सिद्ध करायची जबाबदारी राज्यावर टाकतं. शवविच्छेदन होतं, नमुने घेतले जातात, आणि अवयवांची चोरी होऊ नये म्हणून देह जाळून टाकला जातो. हेतू रास्त आहे. पण त्या राखेबरोबर फेरतपासणीची शक्यताही संपते. यवतमाळ जिल्ह्यात २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री टी-१ म्हणजेच अवनी वाघीण गोळीनं मारली गेली. नागपूरच्या गोरेवाड्यात तिचं शवविच्छेदन झालं. गोळी लागली तेव्हा ती कुठल्या दिशेला वळली होती, बेशुद्धीचा डार्ट आधी लागला की नंतर, यावर पुढे किती काळ वाद झडला हे महाराष्ट्राला आठवत असेल. गोळीचा मार्ग, हाडाचा मोड, सुईची खोली, हेच तर त्रिमिती स्कॅन सगळ्यात चांगलं सांगतो, आणि कोणाच्याही बाजूला न झुकता.

दिल्लीच्या ‘एम्स’मध्ये २०२१ पासून माणसांचं शवविच्छेदन स्कॅनच्या साहाय्यानं होऊ लागलं आहे. म्हणजे देशात ज्ञान नाही असं कोणी म्हणू शकत नाही. प्रत्येक वनविभागाला सीटी स्कॅनर मिळणार नाही, हेही उघड आहे. पण क्षयरोगाच्या तपासणी शिबिरांत आता हातात धरता येणारी एक्स-रे यंत्रं खेडोपाडी फिरतात, त्यांना ना वेगळी खोली लागते ना मोठी वीजजोडणी. त्याच जातीचं एक यंत्र जिल्ह्याच्या वनखात्याकडे असलं, तर विहिरीत सापडलेल्या बिबट्याच्या अंगात छर्रे आहेत का, गळ्याभोवती तारेचा फास रुतला आहे का, की पाठीचा कणा गाडीच्या धडकेनं मोडला आहे, हे चाकू लावण्याआधी पंचनाम्यातच चित्रासह नोंदवता येईल. व्हिसेराच्या बाटल्यांबरोबर ती चित्रंही प्रकरणाच्या फाइलीत गेली पाहिजेत. वाघ किंवा बिबट्याचा एकही देह एक्स-रे काढल्याशिवाय जाळू नये, एवढा नियम महाराष्ट्राच्या वनखात्यानं आता करावा.